घटक ४ : विद्यार्थी परिषद – प्रवेश, पायऱ्या आणि जबाबदारी

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण स्थानिक स्वराज्य संस्थांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात शिक्षणसंस्थेच्या आवारातील प्रातिनिधिक कारभाराचा, म्हणजे विद्यार्थी परिषदेचा, विचार करावयाचा आहे. उदाहरण म्हणून गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुका समोर ठेवला आहे. येथील महाविद्यालयीन शिक्षण २०११ पूर्वी नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते. त्या वर्षी चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्यापीठाचे मुख्यालय गडचिरोलीला आले. त्यामुळे धानोऱ्याच्या विद्यार्थ्याला आपले गाऱ्हाणे विद्यापीठापर्यंत नेण्यासाठी नागपूर गाठण्याची गरज उरली नाही. परंतु अंतर कमी झाले म्हणजे आवाज पोहोचतोच असे नाही. त्यासाठी प्रतिनिधी लागतो.

४.२ निवडणूक ते गुणवत्ता आणि पुन्हा निवडणूक

महाराष्ट्रात एके काळी विद्यार्थी प्रतिनिधी थेट मतदानाने निवडले जात. पुढे या निवडणुकांत पैसा, बाहेरील पक्षांचा हस्तक्षेप व हिंसा शिरली. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी उमेदवाराची हत्या झाली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक बंद केली व परीक्षेतील गुणांच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. या पद्धतीत शांतता होती. मात्र सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी इतरांचे प्रश्न मांडेलच, याची हमी नव्हती. ज्याला कोणी निवडून दिले नाही, त्याला जाब तरी कोणी विचारावा?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने थेट निवडणुकीचे तत्त्व पुन्हा स्वीकारले. २०१९ मध्ये निवडणुकांचा कार्यक्रमही आखला गेला; पण विधानसभा निवडणुकीमुळे तो पुढे ढकलावा लागला. कायद्यात हक्क असणे आणि तो प्रत्यक्ष बजावता येणे यांतील अंतर येथे ध्यानात येते.

४.३ प्रवेशाच्या व बढतीच्या पायऱ्या

या अधिनियमातील रचना पुढीलप्रमाणे समजून घ्यावी.

(अ) वर्ग : प्रत्येक वर्गातील विद्यार्थी आपला वर्गप्रतिनिधी निवडतात.

(आ) महाविद्यालय : अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी व राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी यांची निवड महाविद्यालयातील विद्यार्थी करतात.

(इ) विद्यापीठ : महाविद्यालयांतून निवडून आलेले पदाधिकारी विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे मतदार ठरतात. म्हणजे वरच्या पायरीवरील निवड अप्रत्यक्ष असते.

(ई) अधिसभा : विद्यापीठ परिषदेच्या पदाधिकाऱ्यांना अधिसभेत स्थान असते. विद्यापीठाचे वार्षिक अंदाजपत्रक व अहवाल तेथे चर्चेला येतात.

उमेदवारीचे देशव्यापी निकष माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने घालून दिले. सर्वोच्च न्यायालयाने ते २००६ मध्ये लागू केले. त्यांनुसार उमेदवाराची ७५ टक्के उपस्थिती हवी, खर्च ५,००० रुपयांच्या आत हवा आणि छापील भित्तिपत्रके लावता येत नाहीत. हाताने तयार केलेली चालतात. पदाधिकारी होण्यासाठी एकदाच उभे राहता येते. साहजिकच, पद मिळवण्यापूर्वीची तयारी महत्त्वाची ठरते. वसतिगृहातील पाणी, अडकलेली शिष्यवृत्ती, पावसाळ्यात बंद पडणारी एस.टी. अशा प्रश्नांची नोंद ठेवणारा, अर्ज नीट लिहिणारा व त्याचा पाठपुरावा करणारा विद्यार्थीच पुढे टिकतो.

४.४ मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी आणि मेंढा

याच समितीच्या निकषांनुसार उमेदवार नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असला पाहिजे. दूरशिक्षण घेणाऱ्यास उभे राहता येत नाही. तेव्हा ही पुस्तिका वाचणाऱ्या आपणांस या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडेल.

त्याचे उत्तर धानोऱ्यालगतच आहे. मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. या यशामागे एक सवय होती. अभ्यासगटात प्रश्न समजून घ्यायचा आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करायचा. तेथे बहुमताने अल्पमतावर मात केली जात नाही. विरोध करणाऱ्याचे म्हणणे पटेपर्यंत किंवा त्याला पटवून देईपर्यंत चर्चा चालते.

विद्यार्थी परिषद मतमोजणीवर उभी आहे, तर ग्रामसभेची ही रीत सहमतीवर. पहिलीत निर्णय लवकर होतो, दुसरीत तो अधिक टिकतो. मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. तेथे उपस्थितीची टक्केवारी वा गुणपत्रिका विचारली जात नाही. म्हणून परिषदेचे दार बंद असलेल्या विद्यार्थ्यालाही प्रतिनिधित्वाचे शिक्षण आपल्या गावात घेता येते.

४.५ सारांश

गुणवत्तेने नेमलेला प्रतिनिधी सहाध्यायांना उत्तरदायी राहत नाही. केवळ पैशाने वा बळाने निवडून आलेलाही राहत नाही. अभ्यास, नोंद, पाठपुरावा व ऐकून घेण्याची तयारी यांतून प्रतिनिधी घडतो. पायऱ्या कायदा देतो. त्या चढण्याची पात्रता सहाध्यायांच्या विश्वासातून येते.

४.६ स्वाध्याय

१. १९९४ व २०१६ च्या कायद्यांतील प्रतिनिधी-निवडीच्या पद्धतींची तुलना करा.

२. आपल्या गावातील ग्रामसभेस उपस्थित राहून एका विषयावरील निर्णयप्रक्रियेचे दहा ओळींत टिपण लिहा.