न दिसणाऱ्या अडचणीचा दाखला

रत्नागिरी शहर जेथे समुद्राला सामोरे जाते त्या मांडवीच्या किनाऱ्यावर सायंकाळी सारे गाव लोटते. भेळेच्या गाड्यांभोवतीचा कोलाहल, धक्क्यावर वाऱ्याने विरत जाणाऱ्या गप्पा आणि मुलांचा धुडगूस यांत बहुतेकांचा शीण उतरतो. परंतु याच गर्दीत एखादे मूल असेही असते, की ज्याला भरती-ओहोटीच्या वेळा मुखोद्गत असतात, बोटींची नावे ओळीने सांगता येतात, आणि तरीही समवयस्क मुलांनी खेळायला बोलावले असता काय उत्तर द्यावे, हे उमगत नाही. त्याची वाणी शुद्ध, बुद्धी तल्लख, अंगकाठी धडधाकट. त्यामुळे त्याने कानांवर हात ठेवून रडू आरंभले की लोक त्याला हट्टी म्हणतात आणि त्याच्या आईला वळण न लावणारी ठरवतात. जे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही त्याला सहानुभूतीही सहजी लाभत नाही, आणि म्हणूनच अशा कुटुंबांच्या दृष्टीने दिव्यांगत्वाच्या सरकारी दाखल्याचे महत्त्व केवळ सवलतींपुरते उरत नाही. आपल्या पाल्याची अडचण खरी आहे, ही शासनाने दिलेली ती पहिली कबुली असते.

अशा मुलांच्या या अवस्थेचे वर्णन व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी १९४४ साली केले. त्याच्या एकच वर्ष आधी अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेवरील (ऑटिझमवरील) आपला निबंध प्रसिद्ध केला होता. आस्पर्गर यांचे जर्मन लेखन दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले, आणि १९८१ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी त्याकडे लक्ष वेधल्यावर ‘आस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव जगभर रूढ झाले. पुढे २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हे निदान स्वतंत्र न ठेवता स्वमग्नतेच्या विस्तृत वर्णपटात समाविष्ट केले. नाझी राजवटीतील आस्पर्गर यांच्या वर्तनाविषयी प्रकाशात आलेल्या कागदपत्रांमुळेही अनेकांनी ते नाव टाकून दिले. तेव्हा जुन्या निदानपत्रावर ‘आस्पर्गर’ असे लिहिले असले, तरी सरकारदरबारी जाताना ‘स्वमग्नता’ अथवा ‘ऑटिझम’ या सदराखालीच अर्ज करावा लागतो, हे पालकांनी आरंभीच ध्यानी घ्यावे.

आपल्या कायद्याला स्वमग्नतेची ओळख पटण्यास वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सातच प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नतेला स्थान नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला प्रथम नावानिशी स्वीकारले; आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, एकवीस प्रकारांच्या सूचीत तिची नोंद करून किमान ४० टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांना विशेष हक्क बहाल केले. कालपर्यंत जे कृपेने मागावे लागे ते आज अधिकाराने मागता येते, आणि ज्याला मागण्याचा संकोच वाटतो अशा मध्यमवर्गीय कुटुंबाने तर हे वारंवार स्वतःला बजावले पाहिजे.

दाखल्याचा मार्ग असा आहे. ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज नोंदवावा, मग जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी जावे, आणि दिव्यांगत्व मान्य झाले की प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळते. स्वमग्नतेची मोजणी ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीने होते. सामाजिक देवाणघेवाण, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वर्तनाचे साचे, संवेदना आणि आकलन अशा सहा अंगांत विभागलेले चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि एकूण ७० पेक्षा कमी गुण पडल्यास स्वमग्नता नाही, असा तिचा दंडक आहे. या श्रेणीमुळे देशभर एकच माप आले, हा तिचा मोठा गुण होय. मात्र मिरकरवाड्याच्या मच्छिमाराला ठाऊक असते, की जाळ्याचा आस जेवढा, तेवढेच मासे हाती लागतात. ज्यांची भाषा विकसित आहे आणि ज्यांनी वर्षानुवर्षे इतरांचे अनुकरण करून आपली अडचण झाकली आहे, अशी मुले या आसातून निसटू शकतात. तासाभराच्या तपासणीत शांतपणे उत्तरे देणारे मूल घरी पोहोचताच कोसळते, हे डॉक्टरांना दिसत नाही. म्हणून पालकांनी शाळेतील शिक्षकांचे लेखी अभिप्राय, जुनी निदानपत्रे आणि दैनंदिन अडचणींचे तपशीलवार टिपण बरोबर न्यावे. आणि निर्णय अन्यायकारक वाटल्यास अधिनियमाच्या ५९ व्या कलमान्वये अपील करता येते, हे विसरू नये.

दाखला हाती आल्यावर पुढच्या कचेऱ्यांचा क्रम लागतो. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्या पालकास ७५ हजार रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वयाची अट अथवा पूर्वतपासणी न ठेवता वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा उतरवता येतो, आणि त्यात नियमित उपचारपद्धतींचाही अंतर्भाव असल्याने वाचा वा व्यवसायोपचाराच्या खर्चाला हातभार लागतो. उत्पन्न तुटपुंजे असलेल्यांसाठी तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांगांचे मासिक अनुदान राज्य शासनाने २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपयांवर नेले. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी असलेल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ज्या गटांकरिता आहे त्यांत स्वमग्नतेचा समावेश होतो.

शिक्षणाच्या बाबतीत रत्नागिरीकरांना एक सोय अशी, की माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे कोकण विभागीय कार्यालय याच शहरात आहे. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, विषयांतील सूट यांसाठी अर्ज शाळेमार्फत या मंडळाकडे जातो. पण परीक्षेच्या तोंडावर धावाधाव करण्यापेक्षा नववीतच मुख्याध्यापकांशी बोलून प्रकरण तयार ठेवणे इष्ट. परीक्षेच्या सवलतीपेक्षाही मोलाची असते ती वर्गातील समजूत: शिक्षकाने सूचना थोडक्यात व स्पष्ट द्यावी, वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी कळवावे, आणि चेष्टा करणाऱ्या मुलांना आवरावे. यासाठी कोणताही दाखला लागत नाही.

संस्थांकडे पाहता शहरात ‘आविष्कार’ संस्थेची सौ. सविता कामत विद्यामंदिर ही शाळा आणि शामराव भिडे कार्यशाळा यांनी बौद्धिक दिव्यांग मुलांना शिक्षण आणि प्रौढांना हाताला काम देण्याचे कार्य निष्ठेने चालवले आहे. आस्पर्गरच्या मुलाची गरज मात्र निराळी असते. त्याला अभ्यासाचा नव्हे, माणसांच्या व्यवहाराचा पाठ हवा असतो, आणि तो विशेष शाळेतही मिळत नाही, सामान्य शाळेतही नाही. मुंबईत ‘उम्मीद’ आणि पुण्यात ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ अशा संस्था असल्या, तरी सागरकाठच्या कुटुंबाला दर महिन्याला घाट ओलांडणे परवडत नाही.

अठराव्या वर्षी आणखी एक वळण येते, कारण कायद्याने मूल सज्ञान होताच आईबापांचे पालकत्व संपते. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती नवे पालकत्व देऊ शकते. पण आस्पर्गरची अनेक तरुण माणसे स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकतात. त्यांच्या बाबतीत २०१६ च्या अधिनियमातील मर्यादित पालकत्व, ज्यात निर्णय एकत्र बसून घेतले जातात, अधिक न्याय्य होय. आधार द्यावा, पण अधिकार हिरावून घेऊ नये, हेच तत्त्व साऱ्या व्यवस्थेला लागू पडावे.

रुग्णालय, तहसील कचेरी, जिल्हाधिकाऱ्यांचे दप्तर, परीक्षा मंडळ हे सारे मांडवीकरांच्या शहरातच आहे. उणीव आहे ती या दारांमधून कुटुंबाला हात धरून नेणाऱ्या माणसाची. ज्या पालकांनी हा मार्ग एकदा चालून पाहिला आहे त्यांनी आपली कागदपत्रांची यादी, अर्जाचे नमुने आणि अनुभव दुसऱ्या पालकांच्या हाती द्यावेत, महिन्यातून एकदा एकत्र बसावे, आणि अशा दहा-वीस घरांनी मिळून जिल्हा रुग्णालयाकडे व शिक्षण विभागाकडे एकमुखाने मागणी करावी. एकट्या आईने केलेली विनंती फायलीत पडून राहते; संघटित पालकांच्या मागणीला मात्र कचेरीला उत्तर द्यावेच लागते, आणि आजवर दिव्यांगांना कायद्याने जे दिले, तेही अशाच मागण्यांतून मिळाले आहे.