गाडी बंद पडते ती डाव्या हातामुळे

पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, गाडीने हिसका दिला आणि बंद पडली. गिअरची मोटरसायकल नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. सिग्नलला मागून हॉर्न वाजायला लागले की दुसऱ्यांदाही तेच होतं. आजूबाजूचे सांगतात, "रेस वाढव." हा सल्ला दुखण्याच्या मुळाशी जातच नाही.

रेस कमी पडली म्हणून गाडी बंद पडते, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. १०० ते १५० सीसीचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी मिनिटाला साधारण १४०० फेरे मारतं. पहिल्या गिअरमध्ये एवढ्या फेऱ्यांवर गाडी ताशी पाच-सहा किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने जाते. उभ्या चाकाला तो वेग यायला मीटरभर अंतर लागतं आणि तेवढा वेळ इंजिन आणि चाक यांच्यातली तफावत क्लचला सांभाळायची असते. त्याच्या प्लेटा एकमेकींवर घसरत चाकाला वेग देतात. लिव्हर एकदम सोडली की घसरायला वावच उरत नाही. चाक उभं असतं, म्हणून इंजिनही थांबतं. खूप रेस देऊन क्लच झटक्यात सोडला तर इंजिन कदाचित बंद पडणार नाही, पण गाडी पुढच्या रिक्षाच्या दिशेने उसळेल. हे बंद पडण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

हा समज बराचसा स्कूटरवरून येतो. गिअरलेस स्कूटरमध्ये क्लच आपोआप लागतो. रेस दिली की ती निघते. शिवाय तिथे डाव्या हाताला ब्रेक असतो. त्यामुळे स्कूटरची सवय असलेला माणूस घाबरला की मोटरसायकलचा क्लच दाबतो आणि गाडी थांबेल अशी वाट बघतो. पहिले काही दिवस रिकाम्या मैदानातच काढावेत, ते एवढ्यासाठीच. परवान्याचंही लक्षात ठेवा: फक्त गिअरलेसचा परवाना असेल तर गिअरच्या गाडीसाठी वेगळं लर्निंग लायसन्स घ्यावं लागतं.

मैदानात रेसला हात न लावता सराव करा. इंजिन गरम झालं की पहिला गिअर टाका, तळहात ग्रिपवर टेकवा आणि लिव्हर फक्त बोटांनी, अगदी सावकाश सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि गाडी किंचित पुढे ओढली जाते. तिथे बोटं थांबवा. गाडी सरकू लागेल. दोन-तीन पावलं गेली की क्लच पुन्हा दाबा, ब्रेक लावा. हात ती जागा ओळखेपर्यंत हेच करत राहा. बहुतेक नवशिके या जागेपर्यंत नीट येतात. गाडी हलली की आता झालं असं वाटून उरलेली लिव्हर भसकन सोडतात, आणि गाडी नेमकी तिथे बंद पडते. हाताला थांबायला शिकवणं, हाच खरा धडा. हे जमलं की मग थोडी रेस जोडायची.

"हाफ क्लच करू नकोस, प्लेटा जळतील," असंही हटकून ऐकवलं जातं. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि गाडी उचलताना तो घसरावा अशीच त्याची रचना आहे. क्षण-दोन क्षणांच्या हाफ क्लचने काहीही बिघडत नाही. प्लेटा खराब होतात त्या रस्ताभर बोटांनी लिव्हर अर्धवट दाबून ठेवल्यामुळे, किंवा चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरल्यामुळे. शिकणाऱ्याला ही भीती घातली की तो क्लच घाईने सोडतो. इतका घातक सल्ला दुसरा नाही.

चढावर दोन्ही पाय टेकवून पुढचा ब्रेक धरायचा, असं पुष्कळ जण करतात. मग त्याच उजव्या हाताने रेस द्यायची कशी? डावा पाय जमिनीवर आणि उजवा मागच्या ब्रेकवर ठेवा. रेस थोडी जास्त द्या, क्लच लागतो त्या जागेपर्यंत लिव्हर आणा, आणि गाडी पुढे रेटायला लागली की ब्रेक सोडा.

दरवेळी दोष हाताचाच असतो असंही नाही. साईड स्टँड खाली असेल तर बऱ्याच नव्या गाड्या गिअर टाकताच बंद पडतात. ज्या गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतात, तिथे न्यूट्रलमधून चुकून दुसरा पडतो आणि गाडी उचलत नाही. क्लचची केबल फार ताणलेली किंवा सैल असेल तर मेकॅनिककडून नीट करून घ्या. गाडी बदलली की क्लच लागण्याची जागाही बदलते.

आणि रस्त्यात बंद पडलीच, तर इंजिनाला काही इजा होत नाही. क्लच पूर्ण दाबा, हँडल सरळ ठेवा, कारण वळवलेल्या हँडलवर हिसका बसला की गाडी आडवी होते. मग स्टार्टर मारा. काही गाड्या गिअरमध्ये चालू होत नाहीत. तिथे आधी न्यूट्रल करा.