धुळीचा घात

उत्तर फ्रान्समधल्या कुरिएर कंपनीच्या कोळसाखाणीत १० मार्च १९०६ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास स्फोट झाला आणि १,०९९ माणसे गेली. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही खाण-अपघाताने इतके बळी घेतलेले नाहीत. माझ्या मते या खाणीचा घात तिच्या सुरक्षितपणाच्या लौकिकानेच केला. थरांतून झिरपणारा मिथेन इथे जवळपास नव्हता, म्हणून खाली उघड्या ज्योतीचे दिवे बिनदिक्कत वापरत. धास्ती वायूची, धुळीची कुणालाच नाही. कोळशाचा खडा शेगडीत सावकाश जळतो, कारण हवा त्याच्या वरवरच लागते. तोच मैद्यासारखा दळला गेला की कणाकणाला हवा भिडते. तळाशी, लाकडी टेकूंवर साचलेली ही भुकटी एरवी निपचित असते. पण कुठे भडका उडाला की त्याचा धक्का ज्वाळेच्या पुढे धावतो, धूळ उधळतो आणि मागून येणारी ज्वाळा ती पेटवते. त्यातून पुन्हा नवा धक्का. कुरिएरला सुमारे ११० किलोमीटर बोगदे असे उद्ध्वस्त झाले. शेजारच्या खाणी आतून जोडलेल्या होत्या. त्या वाटांनी काहीजण निसटले हे खरे, पण आगही त्याच वाटांनी फिरली.

यावर कुणी म्हणेल, की १९०६ मध्ये हे ठाऊक कुणाला होते? होते. इंग्लंडमधल्या हॅसवेलच्या स्फोटानंतर १८४४ मध्येच फॅरडे आणि लायल या शास्त्रज्ञांनी धुळीकडे बोट दाखवले होते. मात्र मालार आणि ल शातलिए या फ्रेंच तज्ज्ञांनी वायूविना धूळ हा मोठा धोका नव्हे, असा निर्वाळा दिला आणि तोच सोयीचा ठरला. पहिली ठिणगी कशाची, हा वाद मिटलेला नाही, असाही आक्षेप येतो. मान्य, पण ठिणगी दिव्याची असो वा सुरुंगाची, एका जागची आग मैलोगणती नेली ती धुळीनेच. खाली कुणी जिवंत नसेल असे मानून शोध थांबवल्यावर, स्फोटानंतर वीस दिवसांनी, १३ जण अंधारातून आपल्या पायांनी वर आले, तेव्हा तज्ज्ञांच्या खात्रीची किंमत आणखी उघडी पडली.

पुढे १९०७ मध्ये जवळच्या लिएव्हँ गावी खाण-अभियंते टाफानेल यांचे प्रयोगकेंद्र उभे राहिले. दगडाची भुकटी मिसळली की कोळशाच्या धुळीची आग थोपवता येते, हे तिथे तपासले गेले. तरीही त्याच लिएव्हँच्या खाणीत २७ डिसेंबर १९७४ रोजी स्फोट होऊन ४२ कामगार मेले.