भंगारातली येझदी आणि कारागिराची कमाई

जुनी मोटारसायकल भंगारात घालायची की दुरुस्त करून वापरायची, हा प्रश्न आता केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. लेथवाला, वेल्डर, डेंटिंग-पेंटिंग करणारा, क्रोम चढवणारा, वायरिंगवाला आणि सीट शिवणारा अशा किती तरी कारागिरांच्या रोजीचा तो प्रश्न झाला आहे. शहरातील नोकरदार तरुण आज वडिलांची किंवा आजोबांची जुनी गाडी शोधून काढतात आणि ती आपल्या पसंतीने घडवून मागतात. त्यांच्याकडे पैसा आहे, पण हुनर नाही. ज्यांच्याकडे हुनर आहे, त्यांना त्याची किंमत मांडता येत नाही. या दोहोंच्या मध्ये बराच धंदा पडून आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. यंत्र हा आमचा विषय नव्हे. परंतु आमच्या गोदामात अठरा वर्षे ताग्यांच्या गाठींमागे उभी असलेली येझदी अलीकडे पुन्हा चालू करून घेतली आणि त्या निमित्ताने सहा-सात कारागिरांच्या दुकानांत बसण्याचा योग आला. या गाडीवर एके काळी आमच्या दुकानाचा माल आठवडी बाजारांना जात असे. भंगारवाल्याने तिचा भाव वजनावर सांगितला. पुतण्याने मात्र ती कस्टम करून घेऊ, असा हट्ट धरला. तो हट्ट आम्ही मान्य केला आणि खर्चाची वही स्वतःकडे ठेवली. त्यातून जे समजले, ते व्यापाऱ्याच्या नजरेने वाचकांसमोर ठेवत आहोत.

गाडीचे घराणे

फ्रँतिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलीचा धंदा विकत घेतला. यानेचेकमधला ‘जा’ आणि वाँडररमधला ‘वा’ मिळून जावा हे नाव झाले. मुंबईचे पारशी व्यापारी रुस्तम इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तेथे जावा गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्याच कारखान्याच्या गाड्या येझदी या नावाने आल्या. १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याच्या १०० सीसीच्या गाड्या बाजारात उतरल्या. त्या कमी पेट्रोलमध्ये जास्त पळत. प्रदूषणाचे नियमही कडक होत गेले. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. मात्र या नव्या गाड्यांचे इंजिन फोर स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे आहे. जुन्या गाडीला त्याचे भाग चालत नाहीत. म्हणजे कारखाना बंद होऊन जवळपास तीन दशके झाली, तरी जुन्या गाड्या टिकून आहेत त्या मिस्त्री लोकांच्या हातावर. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचे शौकीन ठिकठिकाणी गाड्या घेऊन जमतात. त्या गर्दीतील प्रत्येक गाडीमागे एखादा उस्ताद उभा आहे, एवढे लक्षात घ्यावे.

आधी कागद, मग पाना

गाडी दुकानात आली की कारागीर पहिल्यांदा इंजिनाकडे पाहतो. आमचे म्हणणे आहे की, त्याने पहिल्यांदा कागद पाहावेत. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, हे तपासल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नये. जुन्या गाड्यांचा भाव वाढला, तसा चोरीच्या आणि बेवारस मालाचाही फेरा वाढतो. अशी गाडी दुकानात सापडली, तर गिऱ्हाईक निघून जाते आणि पोलिसांच्या चौकशीला गरीब मिस्त्री सापडतो. म्हणून एक जाड रजिस्टर ठेवावे. त्यात तारीख, दोन्ही नंबर, मालकाचे नाव व पत्ता लिहावा, सही घ्यावी आणि आरसी बुकाची व ओळखपत्राची झेरॉक्स लावावी. या एका सवयीने पुष्कळ घरे वाचतील.

आमच्या येझदीचे कागद वडिलांच्या नावावर होते. मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करावी, असा नियम आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्याची फी आणि पर्यावरण कर वेळोवेळी बदलतात. म्हणून चालू दर आरटीओत विचारून घ्यावा आणि गिऱ्हाइकाला तो आधीच सांगावा. कागदाचा खर्च शेवटी समजला की गिऱ्हाईक कारागिरावर नाराज होते.

घाईने किक मारू नये

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी दिसली की प्रत्येक जण किक मारून पाहतो. उस्तादांनी आमच्या पुतण्याला तेथेच अडवले. सिलिंडरात गंज धरलेला असतो. जोर केला तर रिंगा तुटतात, सिलिंडरला रेघा पडतात. प्लग काढून आत डिझेल आणि तेल सोडावे, दोन-चार दिवस मुरू द्यावे आणि मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू मागे-पुढे हलवावे. आमच्या गाडीचा पिस्टन तिसऱ्या दिवशी सुटला.

येझदी २५० चे इंजिन टू स्ट्रोक. सिलिंडरचा व्यास ६५ मिमी, पिस्टनची धाव ७५ मिमी. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून काम सोपे आहे, असे लोक समजतात. पण टू स्ट्रोकची खरी मेख ऑइल सीलमध्ये आहे. पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते, तेथे दाबली जाते आणि मग वर जाते. क्रँकच्या दोन्ही टोकांचे सील गाडी उभी राहून कडक होतात. एका बाजूने बाहेरची हवा शिरली की पेट्रोलचे प्रमाण कमी पडते, इंजिन तापते आणि नवा पिस्टनही जाम होतो. दुसऱ्या बाजूने गिअर ऑइल ओढले गेले की सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. सील स्वस्त आहे, पण बदलण्यासाठी पूर्ण इंजिन उघडावे लागते. जो मिस्त्री नुसता पिस्टन बदलून गाडी चालू करून देतो, त्याच्याकडे ती महिन्याभरात परत येते.

बोअर वाढवण्याचे काम लेथवाल्याचे. पिस्टन आधी हातात असावा आणि त्याच्या मापाने सिलिंडर घासावा. उलट करू नये. कनेक्टिंग रॉड आणि बिग एंडचे बेअरिंग बदलल्यावर क्रँक प्रेसवर बसवून डायल गेजने सरळ करावा लागतो. पॉवरलूमचे भाग बनवणाऱ्या लेथवाल्याच्या हाताला हे माप नवे नाही. आमच्या गाडीचे बुश त्यानेच वळून दिले.

टाकीतले जुने पेट्रोल वाळून वार्निशासारखे चिकटलेले होते. टाकीत नट-बोल्ट आणि सिरका घालून ती हलवली, गंज सुटल्यावर सोड्याच्या पाण्याने धुतली आणि लगेच वाळवली. कार्बोरेटरचे जेट हवेच्या दाबाने साफ करावेत. पोलादी तार घातली की भोक मोठे होते आणि गाडीचे पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. प्लॅटिनम पॉइंट घासून त्यांचे अंतर ०.४ मिमी ठेवले, कंडेन्सर नवा घातला. जुनी वायरिंग ६ व्होल्टची होती. ती १२ व्होल्टची करून घेतली, कारण रात्रीच्या रस्त्यावर जुन्या दिव्याचा उजेड पुरत नाही.

येथे आजच्या काळातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओल ओढते आणि जुन्या रबराला फुगवते. तेव्हा पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर चांगल्या प्रतीचे नवेच घालावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे. टू स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. साधारण लिटरला ३० ते ४० मिलि तेल पडते आणि नव्या पिस्टनला सुरुवातीला थोडे जास्त घालतात. गाडी ताब्यात देताना हे कागदावर लिहून द्यावे. नव्या पिढीला हे ठाऊक नसते.

कारागीर बंधूंना आणखी एक सांगणे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर त्यातील धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. शागिर्द मुले हे काम करतात, त्यांच्या फुप्फुसांची काळजी मालकाने घ्यायची असते.

कस्टम कुठपर्यंत

पुतण्याला खाली वाकलेले हँडल, मागे कुबड असलेली एका माणसाची सीट आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हवा होता. उस्तादांनी दोन गोष्टी मान्य केल्या, तिसरी नाकारली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी हवी, रंग बदलला तर आरसी बुकात नोंद हवी. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर तर अनेक शहरांत पोलिसांनी जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत. तो बसवून देणारा कारागीर गिऱ्हाइकाचे पैसे आणि आपले नाव दोन्ही घालवतो.

दुसरी गोष्ट, ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. अट अशी की, गाडी मूळ रूपात हवी आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. म्हणजे १९७० च्या आधीची जावा कापून-जोडून कस्टम केली, तर ती ही संधी गमावते. अशा गाडीच्या मालकाला हे आधी सांगणे ही कारागिराची इमानदारी आहे. आमची येझदी १९७८ ची, तिला अजून ५० वर्षे पुरी व्हायची आहेत. म्हणून आम्ही एकच नियम ठेवला. चेसिस कापायची नाही, नवे सगळे बोल्टने बसवायचे आणि मूळचे हँडल, सीट, मडगार्ड तेल लावून पोत्यात बांधून ठेवायचे. उद्या कोणाला मूळ रूप हवे असेल, तर एका दिवसात परत येईल.

सीटच्या शिलाईवरून

सीटचे काम आमच्या ओळखीचे निघाले. कारागीर रेक्झिन दाट टाक्याने शिवत होता. दाट टाका म्हणजे मजबूत शिलाई, हे सुती कापडाला खरे आहे. रेक्झिनला नाही. टाके फार जवळ आले की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि नेमके तेथूनच ते फाटते. सुती दोरा पावसात भिजून कुजतो, म्हणून नायलॉन किंवा पॉलिस्टरचा दोरा घ्यावा. शिलाई बसण्याच्या जागी न ठेवता कडेला उतरवावी, म्हणजे फोममध्ये पाणी मुरत नाही. त्याने लगेच टाका लांबवला. टाकीवरच्या सोनेरी रेघा मात्र एका जुन्या पेंटरने हाताने ओढल्या. डिजिटल बॅनर आल्यापासून त्याचे दुकानांच्या पाट्या रंगवण्याचे काम गेले होते. त्याची रेघ पाहून दोन गाडीवाल्यांनी तेथेच त्याचा पत्ता लिहून घेतला.

मजुरीचा हिशेब

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आमच्या वहीत सामानाचा खर्च मजुरीच्या दुपटीहून अधिक निघाला. मजुरी कमी पडली याचे कारण काम कमी होते असे नव्हे, ते मोजलेच गेले नव्हते. इंजिन उघडायला एक दिवस लागला, पण योग्य सील शोधायला चार दिवस गेले. मुंबईचा चोरबाजार आणि त्याचा शुक्रवार पहाटेचा जुम्मा बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार, एवढ्या ठिकाणी फिरावे लागते. नवे बनवलेले भाग मिळतात, परंतु त्यांचे माप सारखे नसते. जुना अस्सल भाग ओळखायला नजर लागते. या नजरेचे पैसे कोणी लावत नाही. आम्ही कापडात सुताचा भाव, विणाई, धुलाई, रंगाई आणि वाहतूक वेगवेगळी मांडतो. कारागीर मात्र सगळे एका आकड्यात सांगतो, गिऱ्हाईक घासाघीस करते आणि जे कापले जाते ते मजुरीतूनच.

म्हणून आमची सूचना अशी. गाडी उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत. उघडल्यावर सामान, मजुरी, बाहेरचे काम आणि शोधाशोध असे चार रकाने करून लेखी अंदाज द्यावा. पैसे तीन टप्प्यांत घ्यावेत, सामानाला बयाणा, इंजिन चालू झाल्यावर काही, ताबा देताना बाकी. काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाला परत दाखवावेत. तारीख देताना दोन आठवडे वाढवून द्यावी आणि ती पाळावी. लेथवाला, पेंटर, क्रोमवाला आणि सीटवाला यांनी मिळून काम घेतले, तर गिऱ्हाइकाला एकच दार राहील आणि दलालाला जागा उरणार नाही.

हे काम शिकायला शाळेचा दाखला लागत नाही, पण वर्षे लागतात. ज्या उस्तादांनी आमचा क्रँक सरळ केला, त्यांच्या घरातील मुले मोबाइलच्या दुकानात आणि डिलिव्हरीच्या कामाला आहेत. बापाच्या हुनरात पोट भरत नाही, असे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मजुरीचा रकाना वहीत स्वतंत्र दिसू लागला, तर त्यातला एखादा मुलगा परत पाना हातात घेईल. आमच्या गाडीचे बिल चुकते करताना आम्ही तो रकाना उस्तादांकडून लिहवून घेतला आणि त्याप्रमाणे पैसे दिले. गिऱ्हाईक म्हणून एवढे प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.