कवचाच्या पाठीवरील ओझे

अंगात कवच चढवून व पाठीवर पेटी बांधून मनुष्याने दिवसभर गर्दीत हिंडावे, हा उद्योग आमच्या पिढीस वेडेपणाचा वाटावा हे स्वाभाविक आहे. गेल्या वर्षी आमच्या नातवाने तो आरंभिला तेव्हा आम्हांसही तसाच वाटला, हे आरंभीच कबूल केलेले बरे. चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. मुंबईस कॉमिक कॉन नावाचा जो मेळा भरतो, त्यात चित्रकथांतील व बोलपटांतील पात्रांची सोंगे घेऊन तरुण मंडळी येतात. या प्रकारास कॉस्प्ले असे म्हणतात. सोंग घेणे आपल्याकडे नवे नाही. दशावतारी व बहुरूपी आपण पाहिलेलेच आहेत. परंतु बहुरूप्याचे सर्व सामान एका झोळीत मावते, आणि या मुलाच्या सोंगाने आमची माडीवरची खोली तीन महिने अडवून ठेवली. त्याच्या वडिलांचे म्हणणे, परीक्षेच्या वर्षी हे थेर नकोत. चिरंजीवाचे म्हणणे, आजोबांना विचारा. अशा रीतीने निवाड्याचे काम आमच्याकडे आले, आणि निवाडा देण्यापूर्वी वस्तू पाहावी म्हणून आम्ही जिना चढलो.

सोंग होते स्टार वॉर्स या अमेरिकन बोलपटातील एका शिपायाचे. हा बोलपट १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पांढऱ्या कवचातले, तोंडावर शिरस्त्राण असलेले सैनिक आहेत. त्यांपैकी वाळवंटात धाडलेल्या तुकडीस भक्त मंडळी सँडट्रूपर म्हणतात, आणि त्यांच्या पाठीवर एकेक चौकोनी अवजड दिसणारा पेटारा असतो. वाळवंटातील हे प्रसंग १९७६ साली ट्युनिशियात चित्रित झाले. वेशयोजना करणारे जॉन मॉलो हे मूळचे लष्करी गणवेशांचे अभ्यासक; या कामाबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. शिपायाने अंगावर काय काय वागवावयाचे असते हे जाणणाऱ्या मनुष्याचा हात त्या पोशाखास लागलेला आहे. गंमत अशी की, पडद्यावर इतका भयंकर दिसणारा तो पेटारा वास्तविक बागेत बी रुजवण्याच्या प्लॅस्टिकच्या तबकांचा व असल्याच घरगुती डब्यांचा केलेला होता, आणि तो गिर्यारोहकांच्या सॅकच्या धातूच्या चौकटीवर बसविला होता. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. चिरंजीवाने तबके ध्यानात ठेवली आणि चौकट विसरला.

कवच मात्र त्याने उत्तम केले होते. लहान मुलांना खेळावयास जमिनीवर ज्या मऊ चौकोनी चटया अंथरतात, त्यांच्या ईव्हीए नामक फोमाचे ते असते. छातीस व पाठीस दहा मिलिमीटर जाडीचा फोम, बारीक कामास पाच मिलिमीटरचा. कागदावर बेत काढून धारदार सुरीने तुकडे कापावयाचे, आणि हीट गनच्या गरम वाऱ्याने शेकून वाकवावयाचे. शेकल्याने पृष्ठभागाची बारीक छिद्रेही मिटतात व रंग आत मुरत नाही. सांध्यास लावावयाचे चिकटद्रव्य दोन्ही कडांस लावून, बोटास चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यावे लागते, मगच कडा एकमेकींस टेकवावयाच्या. एकदा टेकल्या की सोडवता येत नाहीत. म्हणून उतावळ्या माणसाचे हे काम नव्हे. या द्रव्याची व तापलेल्या फोमाची वाफ छातीस अपायकारक असते. खिडक्या उघड्या व नाकातोंडावर योग्य मुखवटा, याविषयी आम्ही हयगय चालू दिली नाही. सांधे पाहून आमचा निवाडा तेथेच झाला. ज्या मुलाला स्वतःच्या वहीत समास सरळ सोडता येत नसे, त्याने हातभर लांबीचा सांधा असा जुळविला होता की तो बोटास लागू नये.

परंतु पेटी! ती त्याने प्लायवूडची केली होती. वर तबके, डबे, नळ्या व रंग चढवून तिचे वजन चार किलो भरले, आणि ती पाठीच्या फोमाच्या पत्र्यास वर एक व खाली एक अशा दोन बोल्टांनी आवळली होती. रात्री जेवणानंतर सर्व कुटुंबासमोर रंगीत तालीम झाली. चिरंजीव जिन्यावरून दिमाखाने उतरू लागला. पाचव्या पायरीवर पेटी मागे कलली, पाठीचा पत्रा खाली गेला, आणि खांद्यावरून त्यास जोडलेला छातीचा पत्रा वर सरकून थेट कंठास भिडला. शिरस्त्राणामुळे आतून शब्द फुटेना. आम्हांस प्रथम वाटले, अभिनय चालला आहे. त्याच्या आईच्या लक्षात आले, तिने धावत जाऊन बगलेतील पट्टा कात्रीने कापला. त्याच क्षणी वरचा बोल्ट फोम फाडून बाहेर आला आणि पेटी धडधडत खाली ओसरीवर गेली. मुलाच्या गळ्यावर लाल वळ उमटला होता. त्या रात्री कोणीही फार बोलले नाही. जिन्यावर तो एकटा असता तर काय झाले असते, हा विचार ज्याच्या त्याच्या मनात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यास पाटी घेऊन बसविले. आम्ही संस्कृताचे मास्तर खरे, पण लहान वर्गांस गणितही शिकवीत असू. चार किलोची पेटी, तिच्या वजनाचा मध्य पाठीपासून पंधरा सेंटिमीटर मागे; म्हणजे तिला कलंडविणारे बल चार गुणिले पंधरा, साठ. दोन बोल्टांमधील उभे अंतर वीस सेंटिमीटर. म्हणून वरच्या बोल्टावरील मागची ओढ तीन किलोची. आकडा लहान वाटतो, पण चालताना दर पावलास पेटी हिसका देते, तेव्हा ती ओढ वाढते. आणि ती तोलावयास होते काय, तर रुपयाएवढा वॉशर व दहा मिलिमीटर फोम. हेच अंतर चाळीस केले तर ओढ दीड किलोवर येते. वजन व मध्य कमी केला तर त्याहूनही खाली. एवढे गणित मुलास येत होतेच. त्याने ते पेटीस लावले नव्हते इतकेच.

गणिताने बोल्ट वाचला असता, गळा नव्हे. ओझे कवचास टांगावे की शरीरास, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आमच्या सौभाग्यवतींनी मेथी निवडता निवडता दिले. त्या म्हणाल्या, "अरे, मूल खांद्यावर घेतलेस तर घटकाभरात दमशील. कडेवर घेतलेस तर दिवसभर घर आवरशील. तुझी ती पेटी कडेवर बसव की."

"आजी, पाठीला कड कुठली?"

"कमर आहे ना?"

आम्ही चष्मा पुसू लागलो. ज्या शब्दांवर आम्ही वर्षानुवर्षे वर्गात बोललो, ते हेच सांगत होते. संस्कृतात कवचास संनाह म्हणतात. 'नह्' म्हणजे बांधणे. जे नीट बांधलेले, तो संनाह. पायातील 'उपानह्' त्याच धातूचा, आणि आपली वहाण त्यातूनच आली आहे. पाठीवरील भात्यास निषंग म्हणतात. तो 'सञ्ज्' धातूचा, म्हणजे जडणे, चिकटून असणे. कवच बांधावयाचे, भाता जडवावयाचा, आणि दोन्ही कशास, तर देहास! वाहनाच्या टपावर सामान टाकावे तसे कवचावर ओझे टाकू नये, असा अर्थ आम्ही त्यातून काढला. व्याकरणकार मंडळी यास ओढाताण म्हणतील. म्हणोत.

याच्या उलट दाखला चिरंजीवानेच आणून आम्हांस गप्प केले. सोळाव्या शतकात जपानचे सामुराई पाठीवर साशिमोनो नावाचे निशाण लावून लढत, आणि ते खुद्द कवचासच जोडलेले असे. पाठीच्या पत्र्यावर वरच्या अंगास एक कडे, त्यास गात्तारी म्हणत; कमरेशी एक लहान वाटी, तिला माची-उके; या दोहोंतून एक नळी उभी जाई व नळीत निशाणाची काठी. मग तेथे कवच गळ्याशी का येत नसे? चित्रे पुन्हा पाहिली तेव्हा उलगडा झाला. काठीचा भार खाली कमरेच्या वाटीत येतो. वरचे कडे तिला नुसती सरळ धरते. पत्रा फोमाचा नसून लोखंडी असे, व त्यावरून कमरेस वस्त्र घट्ट आवळीत. म्हणजे सामुराईचे कवचही अखेर कमरेवरच टेकलेले होते. आजीचे म्हणणे जपानातही खरे निघाले.

मग नव्याने काम सुरू झाले. धाकट्या बंधूंची एक जुनी सॅक माळ्यावर होती. तरुणपणी ती घेऊन ते राजगड व तोरणा चढले होते. तिचे कापड जीर्ण झाले होते, पण खांद्याचे पट्टे, कमरपट्टा व आतील धातूची चौकट शाबूत होती. कापड उसवून काढले आणि हा सांगाडा चिरंजीवाने अंगरख्यावर, परंतु कवचाच्या आत घातला. कमरपट्टा प्रथम आवळावयाचा, तोही पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर. खांद्याचे पट्टे नंतर, नुसता तोल राखण्यापुरते. पाठीच्या पत्र्यास वर दोन उभ्या खाचा पाडल्या. त्यांतून चौकटीस बसविलेले दोन आकडे बाहेर येतात, व पेटीच्या आतील ॲल्युमिनियमची पट्टी त्यांवर अडकते. खालून तिसऱ्या खाचेतून एक टेकू येतो. खाचा आकड्यांहून बोटभर मोठ्या ठेवल्या, म्हणजे मनुष्य वाकला तरी पत्रा आपल्या जागी व पेटी आपल्या जागी. पेटी उचलून काढता यावी परंतु आपोआप निसटू नये यासाठी आकड्यांत आडवी खीळ घातली आणि तिची दोरी काखेखालून छातीशी आणली. ती ओढून व पेटीस खालून वर रेटा देऊन एकट्याने पेटी उतरविता येते. हे आम्ही त्याच्याकडून डोळे बांधून वीस वेळा करवून घेतले. त्याचे मित्र हसले, हसू दिले.

पेटीही प्लायवूडची राहिली नाही. फोमाची पोकळ पेटी, आत वेताच्या दोन काड्या, वर मूळची तबके. वजन दीड किलो. रंग, ओरखडे व वाळवंटातील धूळ दाखविणारे तपकिरी हात चढल्यावर ती पूर्वीहून जड दिसू लागली. एका मित्राने लोहचुंबकांचा आग्रह धरला होता. लहानसा चुंबक दहा किलो उचलतो म्हणून सांगतात, पण ते जाड लोखंडापासून सरळ ओढताना. बाजूने ओढला की तो फार थोड्या भाराने घसरतो, आणि मध्ये रंगाचा किंवा कापडाचा थर आला तर आणखीच. झाकण मिटून ठेवावयास चुंबक चांगला. त्यावर पेटी टांगू नये.

या खटाटोपात एक गोष्ट आम्हांस टोचत राहिली, ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्ही सारा जन्म वर्गाच्या दाराशी उभे राहून पुढे वाकलेली मुले आत येताना पाहिली. १९९३ साली यशपाल समितीने मुलांच्या ओझ्याविषयी अहवाल दिला. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून अधिक नसावे असा निर्णय काढला. २०२० सालच्या केंद्राच्या धोरणातही तेच प्रमाण आहे. असली परिपत्रके आम्ही वाचून, सही करून पुढे पाठवीत असू. परंतु मुलाचे दप्तर ढुंगणावर आपटते आहे, पट्टे सैल आहेत, ते दोन बोटे वर आवळून द्यावेत, एवढे एकाही मुलाचे आम्ही केल्याचे आठवत नाही. नातवाच्या गळ्यावर वळ उमटला तेव्हा पाटी काढली.

मेळ्यास आम्हीही गेलो. आत सर्व बाजूंनी अक्राळविक्राळ मंडळी व मध्ये खादीचा सदरा घातलेले आम्ही. दोघातिघांनी आम्हांसही कोणते पात्र म्हणून विचारले. चिरंजीव अर्ध्या अर्ध्या तासाने शिरस्त्राण काढून पाणी पीत होता, कारण फोमाच्या आत उष्मा फार होतो. जेवणाच्या वेळी त्याने दोरी ओढली, पेटी उतरविली, ती आमच्या मांडीवर ठेवली आणि तो बसून वडापाव खाऊ लागला. बक्षीस दुसऱ्या कोणास मिळाले. परतताना लोकलच्या दारातून पेटी आडवी करून न्यावी लागली.

सांगाडा आता माडीवर खुंटीला आहे. सॅकच्या खांद्यावरील दोन जादा बक्कले चिरंजीवाने धाकट्या बहिणीच्या दप्तरास शिवून दिली आणि छातीवरून एक आडवा पट्टाही जोडला. ती सहावीत आहे. पट्टा आवळावयास विसरते, म्हणून सकाळी दारात आम्ही उभे असतो.