टर्मिनलमधील आगंतुक

लिनक्स संगणकावर टर्मिनलची नवी खिडकी उघडावी, आणि आपण एकही आज्ञा लिहिण्यापूर्वी नको असलेला प्रोग्राम पुढ्यात उभा राहावा, हा अनुभव पुष्कळांस येतो. आम्हांस वाटते, दोष प्रोग्रामचा क्वचितच असतो. त्याला कोणीतरी आमंत्रण लिहून ठेवलेले असते.

आपल्या आज्ञा वाचून त्या अमलात आणणारा दुभाषी म्हणजे शेल. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली रचलेला बॅश हा त्यांतील बहुपरिचित. नवी खिडकी उघडली, की बॅश प्रथम होम फोल्डरमधील '.बॅशआरसी' ही फाईल वाचतो व तीतील ओळी आज्ञा समजून पाळतो. (मॅकवरील झेडशेलची अशी फाईल '.झेडशआरसी' होय.) नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे ती सहसा दृष्टीस पडत नाही.

आगंतुकाचे नाव तेथेच शोधावे. ओळ सापडली तरी ती खोडू नये. तिच्या आरंभी '#' हे चिन्ह घालावे. बॅश मग तिला नुसती टीप समजून पुढे जातो, आणि पुन्हा हवी झाल्यास ओळ जागच्या जागी असते. ती 'इफ' आणि 'फाय' या शब्दांमध्ये एकटीच असेल, तर त्या दोन्ही ओळींसही हे चिन्ह लावावे. नाही तर बॅश चूक दाखवील.

जुनी खिडकी मात्र लगेच मिटू नये. दुसरी उघडून खात्री करावी. काही बिघडलेच, तर दुरुस्तीस जुनीच उपयोगी पडते.