विहीर आणि विहिरीत

महाराष्ट्रातल्या जुन्या विहिरींवर मी एक पुस्तक लिहितो आहे. नोंदी सगळ्या लॅपटॉपवर आणि फोनवर, मराठीतच टाइप केलेल्या. एका संध्याकाळी शोधाच्या चौकटीत 'विहीर' टाकलं, आणि माझ्याच कितीतरी नोंदी समोर आल्या नाहीत. हरवल्या नव्हत्या. त्यांत मी 'विहिरीत', 'विहिरीचा काठ', 'विहिरींना' असं लिहिलं होतं. आपल्याला हा एकच शब्द. साध्या शोधाला मात्र 'ह'वरची वेलांटी दिसते: एका ठिकाणी दीर्घ, दुसऱ्या ठिकाणी ह्रस्व, म्हणजे दोन वेगळी चिन्हं आणि दोन वेगळे शब्द. 'पाणी' शोधलं की 'पाण्यात' सापडत नाही. 'देऊळ' शोधलं की 'देवळाजवळ' निसटतं, 'नाडा' शोधला की 'नाड्याला'. नुसतं 'विह' टाकावं तर बौद्ध विहारसुद्धा हजर होतात.

शाळेत सामान्यरूप म्हणून घोकलेली गोष्ट अशी अचानक जिवंत होऊन समोर उभी राहिली. प्रत्यय लागण्याआधी मराठी शब्द आतून वळतो, जागा करून देतो. आपलं कान-डोकं हे वळण इतक्या सहज ओलांडतं की ते आहे याचा पत्ताही लागत नाही.

उपाय सापडला तो दुव्यात. ऑब्सिडियनसारख्या नोंदींच्या अॅपमध्ये शब्दाभोवती दुहेरी चौकटी कंस घातले की तो त्या नावाच्या नोंदीशी जोडला जातो. मध्ये उभी रेघ देऊन [[विहीर|विहिरीत]] असं लिहिलं, की वाचताना वाक्यात 'विहिरीत' दिसतं आणि दुवा जातो 'विहीर' या नोंदीकडे. वाक्याचं व्याकरण शाबूत आणि शब्दाचं मूळही हाती. हे दोन शब्द एकच आहेत, हे यंत्राला दर ठिकाणी असं सांगावं लागतं, पण सांगितलेलं ते विसरत नाही.

खरी गंमत उलट दिशेला आहे. 'विहीर' ही नोंद उघडली की तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या नोंदींची यादी आपोआप दिसते. ती यादी मी केलेली नसते. अॅप सगळ्या फायली वाचून काढतं, कुठून कुठे दुवा जातो याचा तक्ता मांडतं आणि मग तो तक्ता फिरवून बघतं. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूचीच ही, फक्त दर वाक्यागणिक स्वतःला पुन्हा लिहिणारी.

हे काम एका माणसानं आयुष्यभर हातानं केलं होतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–१९९८) यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून छोट्या कागदी चिठ्ठ्यांवर नोंदी केल्या. त्या झाल्या सुमारे ९०,०००. विषयवार काटेकोर गठ्ठे बांधणं त्यांनी टाळलं. प्रत्येक चिठ्ठीला एक क्रमांक दिला आणि तो कधी बदलला नाही. समजा, २१ आणि २२ आधीच आहेत आणि २१वरून नवा विचार फुटला, तर त्याला २१अ. त्यालाही फांदी फुटली तर २१अ१. कुठल्याही दोन चिठ्ठ्यांमध्ये कितीही नव्या चिठ्ठ्या मावतात आणि जुन्या एकाही चिठ्ठीचा पत्ता हलत नाही! त्यामुळे एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक निर्धास्त लिहिता येतो. शब्दसूचीही होती, पण एका शब्दापुढे मोजकेच पत्ते. एकदा आत शिरलं की पुढची वाट चिठ्ठ्याच दाखवत. त्यातून सत्तरच्या आसपास पुस्तकं आणि शेकडो लेख उभे राहिले. बीलेफेल्ड विद्यापीठानं हा संग्रह २०११ साली घेतला आणि आता त्याच्या चिठ्ठ्यांची छायाचित्रं इंटरनेटवर बघता येतात.

एवढ्या चिठ्ठ्या आज किती जागेत मावतील? युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. हजार चिन्हांची एक नोंद धरली तर तीन हजार बाइट. अशा ९०,००० मराठी नोंदी म्हणजे २७० मेगाबाइट, लग्नाच्या व्हिडिओपेक्षाही कमी. एका माणसाचं सारं वाचन-चिंतन सदऱ्याच्या खिशात!

जागा अशी फुकट झाल्यावर नोंदी साठवण्याचा मोह होतो. मला तो घातक वाटतो. लेख कापून चिकटवला की नोंद होत नाही. स्वतःच्या शब्दांत, एका वेळी एकच गोष्ट लिहावी लागते. छोटी नोंदच दोन प्रकरणांत जाऊ शकते. माझी 'मोट' (विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची पिशवी) ही नोंद चामड्याच्या कारागिरीच्या प्रकरणातही आहे आणि बागायतीच्याही, आणि ती एकच फाइल आहे. प्रकरण म्हणजे तरी काय, दुवे क्रमानं मांडलेली एक नोंद. क्रम पटला नाही तर ओळ उचलून खाली ठेवायची.

साताऱ्याजवळच्या लिंब गावात अठराव्या शतकातली बारा मोटांची प्रसिद्ध विहीर आहे. तिच्यावरचं प्रकरण अनेक महिने अडलं होतं. बांधकाम, दगड, कमानी असं सगळं होतं, पण प्रकरण हलत नव्हतं. एकदा सहज 'धाव' ही नोंद उघडली. मोट ओढणारे बैल ज्या उतारावरून जातात ती धाव. तिथे मी कधीतरी लिहून ठेवलं होतं की पाणी जितकं खोल, तितकी धाव लांब लागते, कारण मोट जेवढी वर येणार तेवढंच बैलांना चालावं लागतं. आणि उतार असल्यानं त्यांचं स्वतःचं वजनही ओढायला मदत करतं. खाली यादीत लिंबची नोंद दिसत होती.

मी उठूनच उभा राहिलो. इतकी वर्षं मी त्या विहिरीत वाकून खाली बघत होतो. पण बारा मोटा एकदम चालायच्या तर काठाभोवती बारा धावा हव्यात, तेवढी मोकळी जमीन हवी, बारा बैलजोड्या आणि त्यांना हाकणारी माणसं हवीत. आता ते प्रकरण धावेवरून उतरणाऱ्या चोवीस बैलांपासून सुरू होतं.